गॉलवेत भेटवस्तू कुठे घ्याव्यात? (हिरव्या टोप्या वगळून)

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी. मुलगा आयर्लंडमध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ गॉलवेत मास्टर्स करतोय. ऑक्टोबरअखेर त्याच्या पदवीदानाला मी आणि अहो जाणार आहोत. समारंभ, मोहरचे कडे, अरन बेटं हे सगळं चिरंजीवांनी ठरवून टाकलंय. खरेदीबद्दल विचारलं की मात्र "आई, सगळं ऑनलाइन मिळतं" एवढंच उत्तर येतं. म्हणून इथे धागा काढतेय.

गॉलवे शहरातलीच दुकानं सुचवा. डब्लिनला आम्ही फक्त विमान पकडण्यापुरते असू. यादी अशी: सासूबाई (८१ वर्षांच्या, कट्टर शाकाहारी), जाऊबाई (दागिन्यांची चांगली पारख आहे, म्हणून भीती), दीर तबला वाजवतात, भाचा पुस्तकातला किडा, आणि ऑफिसातले दहा-बारा जण. मेंढीचं चित्र असलेला मग आणि हिरवी टोपी आमच्या सोसायटीत प्रत्येक घरी आहे. ते सोडून काहीही.

खारा_वारा

ताई, अभिनंदन! आम्ही बरीच वर्षं इथे नॉकनाकाराला राहतो, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खरेदीला नेण्याचं खातं माझ्याकडेच असतं.

गॉलवेची सोय म्हणजे सगळं एका रस्त्यावर आहे. एअर स्क्वेअरपासून उताराने निघा. आधी विल्यम स्ट्रीट, तीच पुढे शॉप स्ट्रीट होते, मग हाय स्ट्रीट, मग की स्ट्रीट, आणि समोर स्पॅनिश आर्च नि कॉरिब नदी. बहुतेक भाग पायी चालणाऱ्यांचाच. न थांबता गेलात तर दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण थांबावं लागतंच, कारण जरा पुढे गेलं की कोणीतरी फिडल नाहीतर गिटार घेऊन उभं असतं.

माझं मत स्पष्ट सांगते. ज्या दुकानाच्या दारात लेप्रेकॉनचा (आयरिश लोककथांतल्या हिरव्या पोशाखाच्या बुटक्याचा) पुतळा आहे तिथला माल डब्लिन, कॉर्क, किलार्नी सगळीकडे तोच असतो. तिथे वेळ घालवू नका. गॉलवेचं आणि आसपासचं म्हणून जे आहे ते मोजकंच: क्लाडा अंगठी, दोरखंडी विणीचा अरन स्वेटर, शेजारच्या कॉनेमारा भागातला हिरवा संगमरवर, पुस्तकं, आणि शनिवारचा बाजार.

हा बाजार सेंट निकोलस चर्चच्या कडेने भरतो. चर्च १३२० चं, कोलंबस इथे येऊन गेला असं सांगतात. बाजार रविवारीही असतो, पण खरा शनिवारचा. भाजी, पाव, चीज, मध, लाकडी चमचे, हाताने केलेले साबण, स्थानिक चित्रकारांची छोटी चित्रं. दुपारी गर्दीत धक्के खात फिरावं लागतं, सकाळी जा. विकणाऱ्याशी बोलता येतं ही इथली खरी मजा. साबणात काय घातलंय हे तो करणाराच सांगतो.

ऑफिसच्या लोकांसाठी बाजारातले साबण किंवा मधाच्या लहान बाटल्या. मात्र मध चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत नको. विमानतळावर काढून घेतात.

सोनसळी

जाऊबाईंसाठी क्लाडा अंगठी, दुसरा विचारच नको.

क्लाडा म्हणजे नदीच्या पलीकडच्या तीरावरची कोळ्यांची वस्ती. गवताने शाकारलेली जुनी घरं १९३० च्या दशकात पाडली, आता तिथे साधी नगरपालिकेची घरं आहेत. अंगठी मात्र जगभर गेली. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट: हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचं, मुकुट निष्ठेचा.

गोष्ट अशी सांगतात की रिचर्ड जॉइस नावाच्या गॉलवेच्या तरुणाला समुद्री चाच्यांनी पकडून अल्जिअर्सला विकलं. तिथे तो एका सोनाराकडे काम शिकला. १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या विल्यमने आपल्या प्रजाजनांची सुटका करवली तेव्हा परत आला आणि इथे अंगठ्या घडवायला लागला. दंतकथेचा भाग किती ते सोडा, पण त्याच्या नावाची आद्याक्षरं उमटवलेल्या जुन्या अंगठ्या खरोखरच आहेत. एकमेकांत गुंफलेल्या हातांच्या अंगठ्या तर युरोपात रोमन काळापासून होत्या.

थॉमस डिलन्स हे दुकान १७५० पासूनचं. आत अंगठ्यांचं इवलंसं संग्रहालय आहे, बघायला पैसे लागत नाहीत. घ्या किंवा नका घेऊ, जाऊन या.

आणि हो, जाऊबाईंना घालायची रीत सांगा. डाव्या हातात, हृदयाचं टोक मनगटाकडे: लग्न झालेलं. उजव्या हातात, टोक बोटाच्या नखाकडे: अजून कोणी नाही. उलटसुलट घातली तर आयर्लंडमधला एखादा आजोबा भलताच गैरसमज करून घेईल.

रोखठोक

अंगठीचं कौतुक ठीक आहे, पण एक महत्त्वाची गोष्ट कोणी बोलत नाही. तिकडे सर्रास ९ कॅरेट विकतात! म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोनं. आपल्याकडे २२ कॅरेटची सवय. ठाण्यातल्या पारखी जाऊबाई ते बघून तोंडावर हसतील आणि मागे "पितळ आणलं" म्हणतील. बहिणीच्या बाबतीत आमच्याकडे हेच झालंय.

सोनसळी

रोखठोक काका, मुद्दा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. ती सोन्याची गुंतवणूक नाही, अंगठी आहे. रोज वापरायच्या, कोरीव हातांच्या अंगठीला २२ कॅरेट मऊ पडतं, बोटं-नखं झिजून जातात. १४ कॅरेट मधला मार्ग आहे.

आतला शिक्का वाचायला शिका. ३७५ म्हणजे ९ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ७५० म्हणजे १८. त्या आकड्याशेजारी एका बसलेल्या स्त्रीची इवलीशी आकृती असते, ती हायबर्निया, म्हणजे डब्लिनच्या तपासणी कार्यालयाची खूण. तिथल्या सोनारांच्या संघाला सनद मिळाली १६३७ मध्ये, तेव्हापासून हे शिक्के मारण्याचं काम चालू आहे. तिसरा शिक्का घडवणाऱ्याचा. आपल्याकडे ९१६ बघतो तसं हे भिंग मागून बघा, दुकानदाराला अजिबात राग येत नाही.

माझा सल्ला विचाराल तर सरळ चांदीची घ्या, ९२५ ची. तिच्यात पारख करण्यासारखं काही उरतच नाही. जाऊबाई डिझाइन बघतील आणि खूश होतील.

रोखठोक

चांदीला माझी हरकत नाही. ९ कॅरेटला आहे आणि राहील.

पानगळ

भाच्यासाठी मी आहे!

मिडल स्ट्रीटवर कॉर्नस्टोअर म्हणून जागा आहे, तिथे चार्ली बर्न्स. नवी-जुनी मिळून लाखाच्या वर पुस्तकं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, मध्येच शिडी, मध्येच खोकी. अप्पा बळवंत चौकात ज्याचं बालपण गेलंय त्याला इथून ओढून बाहेर काढावं लागतं. जुनी पुस्तकं खरंच स्वस्त असतात. आयर्लंडबद्दलचा विभाग वेगळा आहे, त्यात पश्चिम किनारा, बेटं, बोटी, दुष्काळ यांवर इतकं काही आहे की निवड करता येत नाही. भाचा किती वर्षांचा आहे ते सांगा, मुलांचा विभागही उत्तम आहे.

दुसरं नाव केनीज. १९४० मध्ये एका नवराबायकोने हाय स्ट्रीटवर सुरू केलेलं. आता ते शहराच्या मध्यात नाही, लिऑसबान भागात आहे, चालत जाण्याजोगं पण पावसात नको. दुर्मीळ किंवा सही केलेली आयरिश पुस्तकं हवी असतील तरच तिथवर जा. नाहीतर चार्ली बर्न्स पुरेसं आहे.

आयर्लंडमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅट शून्य आहे, हेही खूप छान.

अवांतर: वाचनवेड्या भाच्यासाठी फोटो हवा असेल तर विल्यम स्ट्रीटवरच्या बाकावर ऑस्कर वाइल्ड आणि एस्टोनियाचा लेखक एडुआर्ड विल्डे शेजारी शेजारी बसलेत. एस्टोनियाने २००४ मध्ये भेट दिलेला पुतळा. दोघांच्या मध्ये बसायला जागा आहे. लेखक जेम्स जॉइसची बायको नोरा बार्नॅकल गॉलवेचीच. बोलिंग ग्रीनला तिचं माहेरचं घर आहे, एवढंसं, आपल्या चाळीतली खोली बरी.

अबोली_ठाणे

बापरे, किती छान माहिती! भाचा अकरावीत आहे, म्हणजे मोठ्यांचीच पुस्तकं.

चांदीची अंगठी नक्की. आता दोन प्रश्न. दिरांसाठी वाद्य घ्यावं का? आणि अहोंना अरन स्वेटर हवाच आहे, पण ठाण्यात तो कधी घालणार हे त्यांनाही सांगता येत नाही.

मेंढपाळ_मनातला

स्वेटरबद्दल थोडं सविस्तर, कारण या विषयात विक्रेते खूप काही खपवतात.

दुकानात सांगतील की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला की विणीवरून ओळखायचे. ऐकायला फार सुंदर. पण घराण्याच्या विणी ही विक्रीसाठी रचलेली कथा आहे. तिचं मूळ जॉन मिलिंग्टन सिंगच्या १९०४ च्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात सापडतं. तिथे बहीण भावाला ओळखते ती पायमोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून. स्वेटर नाही, घराणं नाही. शिवाय आजचा दोरखंडी विणीचा पांढरा स्वेटर काही हजारो वर्षांचा नाही, साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. त्यामुळे आडनावाचं प्रमाणपत्र जोडून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. देशपांड्यांची वीण काढूनही देतील!

आता घ्यायचं कसं. लेबल उलटून वाचा. हाताने विणलेला, हातमागाच्या यंत्रावर विणलेला आणि पूर्ण यंत्रावरचा, असे तीन प्रकार असतात आणि किमतीत मोठा फरक. हाताने विणलेला जड, जरा वेडावाकडा, आणि महाग. बहुतेक दुकानांत मिळतो तो मऊ, मेरिनो लोकरीचा यंत्रावरचा. त्यात वाईट काही नाही, फक्त हाताने विणलेल्याच्या भावाने घेऊ नका. जुन्या पद्धतीच्या लोकरीत मेंढीचं नैसर्गिक तेल राहिलेलं असतं, म्हणून पाणी सहज आत जात नाही, पण अंगाला टोचते. आणि हो, वासही येतो.

ठाण्यासाठी माझं मत: स्वेटर घेऊ नका. चार दिवस थंडी, आणि जुलैमध्ये कपाटात बुरशी. डांबरगोळ्या घालून ठेवलेला स्वेटर दहा वर्षांनी कसर लागून निघतो. त्याऐवजी त्याच विणीचा मफलर किंवा कानटोपी घ्या. महाबळेश्वरला, माथेरानला कामाला येईल. फारच मन असेल तर पातळ मेरिनोची बिनबाह्यांची बंडी. आणि कोणाच्याही हातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊ देऊ नका. आमच्याकडे एक स्वेटर गेला, बाहेर आला तेव्हा नातवाला बसला.

अबोलीचे_अहो

खाते खास या प्रतिसादासाठी उघडले आहे. स्वेटर घेणार.

खारा_वारा

😄 काका, शनिवारी पाऊस असणारच, दुकानाबाहेर पडताना घालूनच निघा, बॅगेचं वजन वाचेल.

ठेका_धरा

तबलेवाल्या दिरांसाठी बाउरान! एका बाजूने कातडं मढवलेली लाकडी चौकट, बकऱ्याच्या कातड्याची, डाव्या हाताने आतून दाब देऊन स्वर बदलायचा आणि उजव्या हातातल्या छोट्या दांडीने वाजवायचं. तबलजीला हा आतल्या हाताचा खेळ लगेच आवडतो, डग्ग्यावर मनगट दाबतो तसाच कान लागतो.

दोन सूचना. भिंतीवर लावायला केलेले, वर सेल्टिक नक्षी छापलेले स्वस्तातले बाउरान घेऊ नका, त्यांचं कातडं जाड आणि आवाज बद्द. वाद्यांच्या दुकानात जाऊन वाजवून घ्या. दुसरं, कातडं ओल्या हवेत सैल पडतं. गॉलवेत पडतं, मग कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर विचारू नका. हलगी शेकोटीवर तापवतात तसं दर वेळी करणार का? म्हणून आतून चावीने ताण देता येणारा प्रकार घ्या. थोडा महाग, पण दिरांची कटकट वाचेल.

कॉनेमारात राउंडस्टोन गावी बाउरान बनवणारी कार्यशाळा आहे, तिकडे फिरायला गेलात तर काम बघता येईल. बॅगेत जागा नसेल तर टिनची बासरी: डी स्वरातली, आयर्लंडमध्ये बनणारी फेडोग. अगदी थोडक्या पैशांत आणि खिशात मावते. भाच्यालाही एक घ्या.

पुरणाचा_कटाचा

सासूबाईंचा प्रश्न सगळे विसरले.

चीज नको. गॉलवेत शेरिडन्स हे चीजचं फार नावाजलेलं दुकान आहे, १९९५ मध्ये त्याच शनिवारच्या बाजारात एका टेबलावर सुरू झालं, आता चर्चच्या बाजूलाच आहे. तुम्ही स्वतः जाऊन चव घ्या. पण कित्येक चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, शाकाहारी रेनेटचं कोणतं ते काउंटरवर विचारावं लागतं, आणि ते ठाण्यापर्यंत नेण्यात अर्थ नाही. जेली असलेल्या गोळ्या-चॉकलेटांतही जिलेटिन बघा.

त्यांच्यासाठी कॅरागीन न्या! पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांवरून गोळा करून वाळवलेलं समुद्री शेवाळ. दुधात उकळून गाळलं की आपोआप घट्ट होतं, अगदी आपल्या चायना ग्रासच्या खरवसासारखं. पूर्ण वनस्पतिजन्य. वेलची आणि साखर घालून केलं तर सासूबाईंना परदेशातलं वाटणारही नाही. नीट धुवायचं मात्र, नाहीतर समुद्राचा वास राहतो. सोबत डिलिस्क मिळेल, तेही शेवाळ, पण ते खारट, चघळून खायचं. ते आणू नका. मी आणलं होतं, अजून डबा भरलेला आहे.

घड्याळ_मागे

ऑफिससाठी साबण, मध वगैरे महाग पडेल. सरळ शॉप स्ट्रीटवरच्या मॅकेम्ब्रिजेसमध्ये जा, १९२५ पासूनचं किराणा-खाद्यपदार्थांचं दुकान. बिस्किटं, चटण्या, चॉकलेटं छान बांधलेली मिळतात. त्याहून स्वस्त हवं असेल तर कुठल्याही सुपरमार्केटमधून बॅरीज चहाचा मोठा खोका. कॉर्कची कंपनी, १९०१ ची. दहा जणांना मूठमूठभर पिशव्या वाटा. आसामच्या देशात चहा न्यायचा म्हणून लोक हसतात, पण तो चहा कडक असतो, दूध घातल्यावरही रंग सोडत नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यात आधी तोच संपला.

छोटी_छत्री

सगळ्यांच्या विरोधात जाऊन: पुतण्या-भाच्यांत कोणी पाच-सहा वर्षांचं असेल तर हिरवी टोपी न्याच. त्यांना तुमचा हातमाग आणि हायबर्निया काय करायचाय? आमच्या पोरीने ती टोपी होळीपर्यंत घातली. लेप्रेकॉनवाल्या दुकानांना एवढं नाक मुरडू नका, स्वस्तात दहा वस्तू तिथेच मिळतात.

खारा_वारा

मुलांसाठी मान्य. मोठ्यांसाठी नाही.

दगड_धोंडे

संगमरवराचं कोणी लिहिलं नाही म्हणून. कॉनेमाराचा हिरवा दगड, हलक्या पोपटीपासून गर्द शेवाळी रंगापर्यंत, आत पट्टे. शहरातल्या बऱ्याच दुकानांत लॉकेट, कफलिंक, जपमाळा, अंगठ्याने चोळायचे गुळगुळीत खडे मिळतात. मोयकलनला, क्लिफडेनच्या रस्त्यावर, दगड कापण्याचा कारखाना आणि दुकान आहे. नक्की दगड की रंगवलेला राळेचा तुकडा, हे हातात घेऊन कळतं: दगड थंड आणि जड लागतो, आणि दोन तुकड्यांचे पट्टे कधीच सारखे नसतात. पाचही लॉकेटं हुबेहूब दिसली तर निघा. ऑफिसात बॉससाठी कफलिंक चांगल्या.

त्याच रस्त्याने पुढे कायलमोर ॲबी आहे, तिथल्या बेनेडिक्टाइन साध्वी चॉकलेटं आणि साबण करतात. आणि बॅलिनाहिंच किल्ला वाटेत लागला तर अहोंना सांगा, हा १९२४ मध्ये आपल्या रणजितसिंहजींनी विकत घेतला होता. हो, तेच, क्रिकेटवाले. सामन मासे पकडायला यायचे उन्हाळ्यात.

रोखठोक

करपरतावा विसरू नका. तुम्ही भारतात राहता म्हणजे युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्या, तुम्हाला व्हॅट परत मिळतो. साधारण वस्तूंवर २३ टक्के असतो. २०२१ पासून खरेदी ७५ युरोंच्या वर असावी लागते, म्हणून अंगठी, स्वेटर असं एका दुकानात एकत्र करता आलं तर बघा. पैसे देताना परताव्याचा कागद मागा, घरी जाऊन आठवलं तर उपयोग नाही. मध्यस्थ कंपनी आपलं कमिशन कापते, त्यामुळे पूर्ण २३ टक्के हातात येत नाहीत. डब्लिन विमानतळावर आधी ते काम, मग सामान आत. मुलाच्या नावावर बिल करू नका, तो तिथे राहतोय, त्याला हे लागू होत नाही.

आणि कापडी पिशवी घेऊन जा. प्लास्टिकच्या पिशवीवर तिथे २००२ पासून कर आहे.

अबोली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार! अहो रोज सकाळी विचारतात, "कोणी काही लिहिलं का?" त्यांच्या स्वेटरवर अजून भांडण चालू आहे.

शेवटची शंका: आम्ही गुरुवारी रात्री पोचतो आणि सोमवारी सकाळी निघतो. शुक्रवारी समारंभ, शनिवारी मुलाने बेटांची बोट ठरवली आहे. मग बाजार कधी?

खारा_वारा

बोट रविवारवर ढकला. ऑक्टोबरअखेर समुद्र खवळलेला असू शकतो, बोटी रद्दही होतात, त्यामुळे तिकीट बदलता येतं का ते मुलाला आजच विचारायला सांगा. शनिवारी नऊ-साडेनऊला बाजारात या, तिथून थॉमस डिलन्स आणि चार्ली बर्न्स जेवणाच्या आत होतील. वाद्यं आणि स्वेटर दुपारी. बहुतेक दुकानं सहाला बंद होतात आणि रविवारी बाराच्या सुमारास उघडतात, म्हणून काही राहिलंच तर रविवारवर फार भरवसा ठेवू नका. मी शनिवारी बाजारातच असते, पावाच्या रांगेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कॅरागीन कोणाकडे चांगलं मिळतं ते दाखवते.